हाताशी येणारे तीन मासे

त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला ते ऐकून दर वेळी नव्याने हसू यायचं. "घरात कुणाला साधी शिंक आली तरी यांचे हातपाय गळतात," ती शेजारणीला सांगायची, "आणि तिकडे म्हणे डॉक्टर. मासे बिचारे तक्रार करत नाहीत, म्हणून खपतं."

डॉक्टरही हसायचे. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. शिक्षण म्हणाल तर शाळेची शेवटची परीक्षा, तीही दुसऱ्या खेपेला. पण मत्स्यकेंद्रावर एकोणतीस वर्षं काढलेला माणूस, आणि त्यातली पंचवीस वर्षं औषधाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला. केंद्रावर सिमेंटचे अठरा हौद आणि मागे चार तळी. त्या सगळ्या पाण्यात कुणाच्या अंगावर पांढरा डाग पडला, कुणाचा पर कुजला, कुणी भिंतीला अंग घासायला लागला, की हाक एकच: डॉक्टरांना बोलवा. मग हे यायचे. तिसरी घंटा झाली तरी जुना नट जसा घाई न करता विंगेतून पुढे येतो, आणि तो आला की प्रेक्षागृह आपोआप गप्प होतं, तसे यायचे. पायात रबरी बूट, कोपरापर्यंत हातमोजे, गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ, आणि हातात मापाचा पांढरा जार. त्याच्यावरच्या रेघा कधीच पुसून गेल्या होत्या. डॉक्टरांनी तापवलेल्या खिळ्याने त्या पुन्हा कोरल्या होत्या.

औषध म्हणजे बहुतेक वेळा फॉर्मॅलिन. बाटलीचं झाकण उघडलं की दहा पावलांवरचा माणूस डोळे पुसायला लागतो. हौदाचं पाणी अर्ध्यावर आणायचं, हवेचे पंप पूर्ण जोरात सोडायचे, औषध मापून ओतायचं आणि तासभर माशांना त्या पाण्याची अंघोळ घालायची. तास संपला की ताजं पाणी. किडा मरतो, मासा जगतो. निदान जगावा अशी अपेक्षा असते. कारण किडा कोण आणि मासा कोण हे त्या औषधाला कळत नाही; सगळा खेळ मापाचा आणि वेळेचा. त्यात ते पाण्यातला प्राणवायूही खातं.

किल्ली हाती आली त्या पहिल्याच वर्षी अख्ख्या हौदातले मासे असे डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत उलटे झाले होते. तेव्हापासून त्यांनी स्वतःची एक रीत बसवली. अंघोळीआधी एका मोठ्या निळ्या टबात तेच पाणी, त्याच मापाचं औषध, आणि हौदातले तीन मासे. समोर स्टूल टाकून डॉक्टर अर्धा तास बसायचे. माशाच्या गालावरचं झाकण उघडतं आणि मिटतं, तो त्याचा श्वास. ते श्वास ते मोजायचे, ओठांनी, आवाज न करता. मिनिटाला ऐंशीपर्यंत ठीक. शंभर झाले, किंवा एखादा कलंडला, तर आज अंघोळ नाही. मालक आला तरी नाही, त्याचा बाप आला तरी नाही. या रीतीला सगळे 'डॉक्टरांची परीक्षा' म्हणायचे. कंपनीच्या दुसऱ्या केंद्रांवरची माणसं ती बघायला आली होती आणि आपापल्या हौदांवर तशीच करायला लागली होती. डॉक्टरांनी ही गोष्ट घरी निदान दहा वेळा सांगितली होती. अकराव्या वेळी बायको म्हणाली, "माशांची परीक्षा घेता, आणि स्वतः दुसऱ्या खेपेला पास."

त्या वर्षी दुखणं आलं ते सात नंबरवर.

सात नंबर म्हणजे आयांचा हौद. केंद्रावरचं एकेक पिल्लू, मग ते कुठल्याही तळ्यात वाढो, त्याची आई तिथली. बेचाळीस माद्या. डॉक्टरांनी त्यांना बोटाएवढ्या असल्यापासून वाढवलं होतं. आता एकेक हातभर लांब आणि उचलायला दोन माणसं लागतील अशी. त्यातली एक सगळ्यांत धीट. डॉक्टरांची सावली पाण्यावर पडली की पहिली वर यायची आणि त्यांचं मनगट तोंडाने चाचपायची. तिला ते थोरली म्हणत. पंपवाला त्यांना चिडवायचा, "डॉक्टर, घरी सांगू का वहिनींना, इथे तुमचा हात धरायला कोण कोण येतं ते?"

किडा कल्ल्यांत होता. डोळ्यांना दिसत नाही असा. महिन्यातून दोनदा प्रयोगशाळेतून मॅडम यायच्या, तिशीतली हुशार मुलगी. त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघून सांगितलं. डॉक्टरांनी परीक्षा घेतली, अंघोळ घातली. दहा दिवसांनी किडे पुन्हा दिसले. पुन्हा परीक्षा, पुन्हा अंघोळ. आता किडे कमी झाले, पण आया सुधारेनात. अंग काळवंडलं, खाणं टाकलं, निम्म्या तळाशी कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या राहायला लागल्या.

"अजून दुखणं गेलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"दुखणं आहे की थकवा, मला कळत नाहीये काका," मॅडम म्हणाल्या. "दोन आठवडे काहीच करू नका. नुसतं चांगलं पाणी द्या. सावरू द्या त्यांना."

मॅनेजरच्या केबिनमध्ये हे बोलणं चाललं होतं. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याचं निम्मं लक्ष कायम तिकडेच असायचं. अंड्यांचा हंगाम तीन आठवड्यांवर आला होता. तो म्हणाला, "थांबलो आणि किडा वाढला तर? आणि न थांबता अंघोळ घातली आणि सोसली नाही तर? इकडे आड, तिकडे विहीर. मला यातलं कळत नाही. डॉक्टर म्हणतील तसं."

आता या तीन शब्दांत माणसाला किती उंच चढवायची ताकद असते, ते ज्याला कधी कुणी विचारलं नाही त्यालाच ठाऊक. समोर शिकलेली मॅडम, बाजूला मॅनेजर, आणि निकाल यांच्या तोंडून. डॉक्टर म्हणाले, "परीक्षा घेऊ. पास झाल्या तर घालू. नापास झाल्या तर मॅडम म्हणतात तसं."

यात कुणाला खोट काढता येईना. मॅडमनाही नाही.

अंघोळीच्या आदल्या दिवशी माशांना उपाशी ठेवतात, ऑपरेशनच्या पेशंटसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर हौदावर वाकले, हात पाण्यात धरला. थोरली आली. तिच्या मागून आणखी दोघी. हातजाळ्याची गरजसुद्धा पडली नाही. पंपवाल्याने आणि त्यांनी ओल्या झोळीत उचलून एकेकीला टबात सोडलं. अर्धा तास डॉक्टर स्टुलावर बसले. बहात्तर. चौऱ्याहत्तर. सत्तर. तिघी टबात अशा उभ्या होत्या की जणू पाहुण्या आल्यात आणि चहाची वाट बघतायत.

"पास," डॉक्टर म्हणाले.

अंघोळ बिनबोभाट झाली. एकही मासा वर आला नाही, एकही कलंडला नाही. तासाने ताजं पाणी सुटलं तेव्हा पंपवाला म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या हाताला यश आहे." आणि डॉक्टरांनी हातमोजे काढता काढता, खोटं कशाला बोला, मान डोलावली.

पहिली आई दुसऱ्या दिवशी दुपारी मेली. पाणी जिथून बाहेर जातं त्या जाळीला ती पाठ टेकून होती; लांबून बघणाऱ्याला विसावली आहे असं वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत चार झाल्या. तिसऱ्या दिवशी अकरा. अंगावर जखम नाही, डाग नाही, पर धड. एकोणतीस वर्षांत डॉक्टरांनी मेलेले मासे हजारांनी पाहिले होते, पण असे नीटनेटके मेलेले पाहिले नव्हते. ते हौद सोडेनात. पंप वाढवले, पाणी बदललं, मीठ टाकलं, हौदावर सावलीसाठी ताडपत्री ओढली. माणूस घाबरला की त्याच्या हातांना काहीतरी करायला लागतं. मासे वर काढायचं काम त्यांनी पंपवाल्याला करू दिलं नाही. पंपवाल्यानेही त्या दिवसांत एकही विनोद केला नाही, आणि डॉक्टरांना तेच जास्त लागलं.

चौथ्या दिवशी मॅडम आल्या. एका मेलेल्या आईचा कल्ला कापून त्यांनी मायक्रोस्कोपखाली धरला.

"किती आहेत किडे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन."

"दोनशे?"

"दोन, काका. किडे मेलेत. औषधाने काम केलंय." त्यांनी डॉक्टरांना बघायला बोलावलं. "हे बघा. कल्ल्यांची ही पानं कंगव्याच्या दातांसारखी सुटी सुटी असायला हवीत. ही सुजून एकमेकांना चिकटलीत. वरून शेंबडासारखा थर. पाण्यात हवा असून हिला ती घेता येत नव्हती. पहिल्या अंघोळीने भाजलं, ते भरून यायच्या आत दुसरी, मग तिसरी."

मग त्यांनी पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. डॉक्टरांनी ते लगेच ओळखलं. रोज सकाळी बायको त्यांचं बोट टोचून रक्ताचा थेंब ज्याच्यावर ठेवते, तेच.

"माशांना पण साखर असते?" पंपवाल्याने विचारलं.

"सगळ्यांना असते. घाबरलं की वाढते. पळून जायला बळ लागतं ना, म्हणून शरीर ती रक्तात सोडतं. पण हौदात पळणार कुठे? नुसती जळत राहते."

तळाच्या कोपऱ्यातल्या एका मादीच्या शेपटीशी सुई लावून त्यांनी थेंब घेतला. दोनशे चौदा. डॉक्टर हळूच म्हणाले, "माझी सकाळी एकशे ऐंशी होती, तर घरात रामायण झालं." मग जाळीला टेकलेली एक, जिचे कल्ले जेमतेम हलत होते, तिची घेतली. बावीस.

"यंत्र बिघडलं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "जळायला काही उरलं नाही. किती दिवस झटत असेल."

डॉक्टर हौदाच्या काठावर बसले. त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती आणि ती विचारल्याशिवाय त्यांच्याने उठवेना. "पण मॅडम, परीक्षा पास झाली होती. मी स्वतः मोजले. तिघींचे श्वास ठीक होते. तिन्ही वेळा ठीक होते."

"कोणत्या तिघी होत्या?"

"म्हणजे?"

"टबात टाकायला कोणत्या घेतल्यात? निवडल्या कशा?"

"निवडायच्या काय? ज्या हाताशी येतात त्या."

हे बोलून झालं आणि डॉक्टर थांबले. मॅडमनी पाण्यात हात घातला, पहिली वर आली तिला अलगद धरलं, थेंब घेतला. ती थोरली होती. शहात्तर.

हाताशी कोण येतं? ज्याला भूक आहे तो. ज्याच्या अंगात धावत यायचं बळ आहे, ज्याला अजून माणसाची भीती वाटत नाही, तो. आजारी मासा तळाशी असतो. तो कशाला येईल? पंचवीस वर्षं डॉक्टर हौदातल्या पैलवानांना टबात उभं करत होते आणि त्यांच्या श्वासावरून कोपऱ्यातल्या अर्धमेल्यांना पास करत होते. साध्या आजारांत ते खपून गेलं. जे मरायचे ते रोगाने मेले असं सगळे म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. असे किती हौद झाले असतील, याचा ते हिशेब करायला गेले आणि चौथ्या-पाचव्या हौदावर त्यांनी तो सोडून दिला.

"काका, तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आणि मीही तेव्हा विचारलं नाही, कोणते तीन."

"तुम्ही थांबा म्हणाला होतात," डॉक्टर म्हणाले.

पाचव्या दिवसाअखेर बेचाळिसातल्या चार उरल्या. त्या दिवशी घरी आल्यावर डॉक्टर बूट न काढता बाहेरच्या पायरीवर बसले. बायको पाणी घेऊन आली, काहीतरी टोमणा तिच्या ओठांवर आलाही असेल, पण चेहरा बघून तो तिने गिळला आणि शेजारी बसली.

"सगळ्या?"

"चार आहेत. ज्यांना काही झालंच नव्हतं त्या."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. बायको त्यांच्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकलेली आणि खोटा धीर देण्यात कच्ची. तरी तिने प्रयत्न केला. "मुद्दाम नाही ना केलंत."

"त्यांना काय फरक पडतो?"

"त्यांना नाही. तुम्हाला पडावा म्हणून म्हणतेय."

"मला वाटायचं, अख्ख्या केंद्रात त्यांचं ऐकून घेणारा मी एकटा," डॉक्टर म्हणाले. "आणि मी ऐकलं कुणाचं, तर ज्या ठणठणीत होत्या त्यांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. सही करायला बोलावलं तरच त्या खुर्चीवर टेकणारा माणूस, आज स्वतःहून बसला. म्हणाले, "माझी परीक्षा चुकीची आहे. सगळ्या केंद्रांना कळवा. तळातले मासे घ्यायचे, कोपऱ्यातले. जाळं टाकून."

मॅनेजरने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर, तुमच्यावर कुणी बोट ठेवलंय का? परीक्षा पास होती. मी वर तसंच सांगितलं, वरच्यांनी मान्य केलं. तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?"

"चुकीची आहे म्हणून."

"बरं. तळातले घ्यायचे. मग त्या परीक्षेत कुठला हौद पास होईल? दुखणं असतं तेव्हाच औषध देतो ना आपण? दुखणं असलं की तळाशी आजारी मासा असणारच."

"हो."

"म्हणजे औषध द्यायचंच नाही?"

डॉक्टरांचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

"आठ नंबरमध्ये किडा निघालाय," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज खरोखर मऊ होता. "मॅडमनी परवा बघितलं, भरपूर आहे. सातचंच पाणी तिकडे जातं. तीन हजार पिल्लं आहेत. औषध नाही दिलं तर किती जातील?"

"अर्धी. जास्तही."

"आणि दिलं तर?"

"अशक्त आहेत ती जातील. ती किती, ते मला सांगता येत नाही. कधीच सांगता येत नव्हतं."

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

परवापर्यंत या प्रश्नाने त्यांची छाती फुगली असती. आज त्यांनी मॅडमना फोन लावायला सांगितलं. ठाम उत्तर मॅडमजवळही नव्हतं. कमी माप लावा, पाणी थंड असताना करा, पुन्हा लगेच करू नका, एवढं त्या म्हणाल्या. कमी मापाने निम्मे किडे राहतील, हेही त्यांनीच सांगितलं.

आठ नंबरवर डॉक्टरांनी जाळं तळापर्यंत सोडलं आणि कोपऱ्यातली तीन पिल्लं काढली. कमी मापाच्या पाण्यातही अकराव्या मिनिटाला एक कलंडलं. श्वास एकशे अठरा. त्यांनी तिघांना टबातून उचलून ताज्या पाण्यात सोडलं आणि म्हणाले, "नापास."

मॅनेजर काठावर उभा होता. त्याने पंपवाल्याकडे पाहिलं. पंपवाल्याने डॉक्टरांकडे पाहिलं, मग खाली वाकून पाण्यात हात धरला. पिल्लांची झुंबड उडाली. त्यातली तीन त्याने टबात टाकली आणि त्यांना अर्ध्या तासात काहीही झालं नाही.

"पास आहेत," पंपवाला म्हणाला. आवाज इतका खाली की त्यालाच ऐकू आला असेल. "डॉक्टर, मला माफ करा."

"तू कशाला माफी मागतोस? मीच शिकवलंय."

"ओतायचं मी बघतो," पंपवाला म्हणाला. "तुम्ही बसा." त्याने जार उचलला आणि बाटलीचं झाकण उघडलं. डॉक्टरांनी बघितलं, तो माप धरत होता ते वरच्या रेघेला, पूर्ण मापाच्या. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. कसं असणार? किल्ली कधी त्याच्या कमरेला नव्हतीच.

डॉक्टर उठले. हातमोजे चढवले. "आण इकडे," म्हणाले, आणि जार त्याच्या हातून घेऊन खालच्या रेघेपर्यंत मोजलं. मग हौदाच्या चारही बाजूंनी फिरत, पंपांच्या फेसात, थोडं थोडं करून ओतलं. इतकं हळू की मॅनेजरने दोनदा घड्याळ पाहिलं.

ओतून झाल्यावर ते टबाकडे गेले नाहीत. स्टूल उचलून त्यांनी हौदाच्या लांबच्या कोपऱ्याशी ठेवलं, जिथे पाण्याखाली काळी, न हलणारी पिल्लं दाटीने उभी होती. त्यातलं एक त्यांनी नजरेने धरलं आणि ओठ हलवायला सुरुवात केली. पंपवाला मागे येऊन उभा राहिला. मिनिटाला नव्वद झाले. शंभर झाले. तासातली बावन्न मिनिटं अजून बाकी होती.